कुत्र्यावर प्रेम सगळ्यांचं, पैसे कोण देणार?

प्रश्न : मी घरातूनच कुत्र्यांच्या देखभालीचं काम सुरू केलं आहे. फिरवून आणणं, आंघोळ, नखं कापणं, मालक गावाला गेले तर मुक्कामी सांभाळणं. आसपास पत्रकं वाटली, इन्स्टाग्रामवर पान काढलं. फोटोंना लाइक भरपूर पडतात. फोनही येतात, पण ‘दर काय?’ एवढं विचारून माणूस पुन्हा उगवत नाही. हातातली कामं सगळी ओळखीतली. त्यातही कुणी पैसे देतं, कुणी नुसतं कौतुक करून जातं. पैसे देणारी नवी गिऱ्हाइकं आणायची कुठून?

उत्तर : उरलेली पत्रकं रद्दीत घाला. त्यांवर काय छापलं असेल ते न बघताच सांगते. ‘आपल्या लाडक्याची प्रेमाने काळजी’ आणि शेजारी जीभ बाहेर काढून बसलेला लॅब्रॅडॉर. असलं पत्रक वाचून श्वानप्रेमी खूश होतो आणि ते बाजूला ठेवून देतो, कारण त्याचं तुमच्यावाचून काही अडलेलं नसतं. मी या धंद्यात केस पिकवले आहेत, आणि माझा हिशेब साधा आहे. ज्याला कुत्री आवडतात तो प्रेक्षक. ‘उद्या सकाळी याचं काय करू?’ या विवंचनेत जो बसलाय, तो गिऱ्हाईक.

असा माणूस कुठे असतो, ते बघू. पहिलं घर म्हणजे जिथे नुकतंच पिल्लू आलंय ते. तीन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन-चार तास लघवी धरून ठेवतं आणि घरातले सगळे दिवसभर कामावर. या लोकांना दुपारी घरी येऊन पिल्लाला बाहेर काढणारं, घाण पुसणारं, थोडं खेळवणारं माणूस हवं असतं आणि त्यासाठी ते विनातक्रार पैसे देतात. त्यांना ‘माझ्याकडे आणून सोडा’ मात्र म्हणू नका. लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू चार कुत्र्यांत सोडणं म्हणजे पार्व्हो या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराला बोलावणं. तो विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. तुम्हीच त्यांच्या घरी जा. पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता दाखवा, गाड्यांचे आवाज ऐकवा, माणसं दाखवा. ३ ते १४ आठवड्यांच्या वयात जे बघितलं त्याची भीती पुढे कमी वाटते, हे मालकाला समजावून सांगितलंत की तुम्ही नुसत्या ‘फिरवणाऱ्या’ राहत नाही. हे पिल्लू पुढे दहा-बारा वर्षं जगणार आहे, हेही लक्षात असू द्या.

दुसरं घर म्हाताऱ्या कुत्र्याचं. इकडे फारसं कुणी फिरकत नाही, कारण म्हाताऱ्या कुत्र्याचे फोटो गोंडस येत नाहीत! मधुमेह झालेल्या कुत्र्याला बहुधा दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन टोचावं लागतं. अशा घरातली माणसं वर्षानुवर्षं एकत्र लग्नाला जाऊ शकलेली नसतात. इंजेक्शन देणं, डोळ्यांत थेंब घालणं, गोळी घशाखाली उतरवणं, मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला पोटाखालून पट्टा घालून जिना उतरवणं, एवढं डॉक्टरांसमोर उभं राहून नीट शिकून घ्या. इन्सुलिनचा डोस डॉक्टरांनी लिहून दिला असेल तेवढाच. कुत्रं जेवलं नसेल तर आधी डॉक्टरांना फोन, मग सुई. हे काम जमलं की दरावरून घासाघीस करणारा माणूस तुमच्या दारात येत नाही.

तिसरं घर केसाळ कुत्र्याचं. शिह त्झू, पूडल यांचे केस वाढतच राहतात, आपोआप थांबत नाहीत. दर चार ते सहा आठवड्यांनी कापावे लागतात, म्हणजे एकच घर वर्षात आठ-नऊ वेळा तरी तुमच्याकडे येतं. लॅब्रॅडॉरला केशकर्तन लागत नाही, त्याची नखं मात्र वाढतात. म्हणून फक्त नखं कापायचं छोटं काम वेगळं ठेवा. वीस मिनिटांचं काम असतं, पण त्या निमित्ताने नवा माणूस तुमचा हात बघून जातो.

आता ही घरं सापडणार कशी? ही सगळी जनावरांच्या डॉक्टरांकडे जातात. पिल्लाची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची असताना होते, मग १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी फेरी असते. तेव्हा दवाखान्यात जा, पण गर्दीच्या वेळी जाऊन कार्डांचा गठ्ठा टेबलावर आपटू नका. ‘माझ्याकडे गिऱ्हाईक पाठवा’ असंही म्हणू नका. डॉक्टरांना विचारा, ‘तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाची घरी कसली अडचण होते?’ आणि गप्प बसून ऐका. मग तुमचे नियम लिहिलेला एक कागद द्या. लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय कुत्रं घेणार नाही. खोकला किंवा जुलाब असेल तर घेणार नाही. गोचीड दिसली तर आधी औषध, मग मुक्काम. एका वेळी इतकीच कुत्री. कुत्रं आजारी पडलं तर कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं आणि खर्चाला कुठपर्यंत परवानगी, हे मालकाकडून आधीच लिहून घेणार. डॉक्टरांची खरी भीती अशी असते की आपण पाठवलेलं कुत्रं केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, घेऊन परत येईल आणि बोल आपल्याला लागेल. तुमचा तो कागद तेवढ्याचसाठी. दवाखान्यात पुढे बसून नंबर लावणाऱ्या ताईंशी किंवा दादांशी नीट ओळख ठेवा. ‘कुणी आहे का हो सांभाळायला?’ हा प्रश्न लोक डॉक्टरांना नाही, त्यांनाच विचारतात.

ही युक्ती माझी नव्हे, फार जुनी आहे. लंडनमध्ये १८९१ साली स्वतःच्या नावाने श्वानप्रदर्शन भरवणारे चार्ल्स क्रफ्ट आधी स्प्रॅट कंपनीची कुत्र्यांची बिस्किटं विकायचे. ते घरोघर दारं ठोठावत बसले नाहीत. जिथे एका जागी पुष्कळ शिकारी कुत्री पाळलेली असत, त्या मोठ्या मालकांना गाठायचे. ट्रेनर, मुक्काम न घेणारे ग्रूमर (कुत्र्यांची आंघोळ नि केस कापणारे) आणि जनावरांच्या सामानाचा दुकानदार ही आजची तशी ठिकाणं. ट्रेनरला तुम्ही गिऱ्हाईक पाठवा, तो तुम्हाला पाठवेल.

फोनकडे येते. ‘दर काय?’ विचारणारा माणूस कंजूष असतो असं समजू नका. दुसरं काय विचारावं हे त्याला सुचत नाही, एवढंच. दर लपवू नका, पण आधी कुत्र्याचं नाव विचारा. मग वय, कधी कुणाला चावलंय का, एकटं राहिल्यावर काय करतं. ही उत्तरं देता देताच माणूस निम्मा तुमचा होतो. नंतर दर सरळ सांगा, ‘बघू आपण’ म्हणू नका. आणि पुढची पायरी छोटी ठेवा. आधी त्यांच्या घरी पंधरा मिनिटांची भेट, फुकट. मग पैसे घेऊन अर्धा दिवस. ते ठीक गेलं तर मुक्काम. पहिल्याच फोनवर आठ दिवसांचा मुक्काम ठरवणारा मालक मला तरी घाबरवतो.

त्या पंधरा मिनिटांत सौदा ठरतो, आणि तो तुमच्या बोलण्यावर ठरत नाही. दारातून आत गेल्यावर कुत्र्यावर वाकू नका, डोक्यावर हात ठेवायला धावू नका. अंग थोडं तिरकं ठेवून उभ्या राहा, नजर बाजूला, हात खाली. त्याला वास घेऊ द्या. ते ओठ चाटत असेल, उगाच जांभया देत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल तर ते बेचैन आहे. तसं मालकाला सांगा आणि एक पाऊल मागे या. ‘हिला कळतंय’ असं मालकाच्या तोंडावर उमटतं ते तेव्हा. शेपूट हलली म्हणजे खूश, असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मी माझं कुत्रं देणार नाही.

काम सुरू झालं की प्रत्येक फेरीनंतर एक छोटा निरोप पाठवा. किती वेळ फिरलं, पाणी प्यायलं का, शी कशी झाली. हसू नका, कामावर बसलेला मालक त्या शीच्या बातमीचीच वाट बघत असतो. नेमका असा निरोप तो चार जणांना दाखवतो. महिनाभराने, कुत्रं घ्यायला आलेला असताना, गूगल नकाशावर दोन ओळी लिहायला सांगा. ‘छान सेवा’ नको. ‘आमचं कुत्रं अनोळखी माणसांना भुंकतं, यांच्याकडे राहिलं’ असलं काही लिहा म्हणावं. इन्स्टाग्रामवरही गोंडस चेहरे कमी करा. तुमचं दुहेरी फाटक, झोपायची जागा, केसांच्या गाठी सोडवण्याआधीचं आणि नंतरचं कुत्रं हे दाखवा.

ओळखीच्यांचं काय करायचं? एक दरपत्रक छापा आणि सगळ्यांना, अगदी मावसभावालाही, तेच पाठवा. सवलत द्यायची तर त्यावर लिहून द्या, म्हणजे मूळ दर दिसतो. ‘पुढच्या महिन्यापासून असं आहे’ एवढं म्हणायचं, कारणं सांगत बसायचं नाही. दोघं-तिघं रुसतील आणि त्यांच्या वेळा मोकळ्या होतील. त्या वेळा तुम्हाला लागणारच आहेत.

प्रश्न : माझ्या शेजारच्या गल्लीत एकाने माझ्या निम्म्या दरात कुत्री सांभाळायला सुरुवात केली आहे. मीही दर कमी करू का?

उत्तर : नको. त्याच्याकडे एका वेळी किती कुत्री असतात ते बघून या. निम्मा दर परवडायला दुप्पट कुत्री लागतात, आणि दुप्पट कुत्र्यांवर लक्ष ठेवायला दुसरं माणूस. ते त्याच्याकडे नसेल तर सुट्ट्यांच्या दिवसांत भांडणं होतील, कान फाटतील. तुम्ही तुमचा आकडा दारावर लावा, ‘एका वेळी चारच कुत्री’, आणि पाचव्याला खरोखर नाही म्हणा. त्याला प्रतीक्षा यादीत टाका आणि जागा झाली की स्वतः फोन करा.