छोटी पुश बटणं सोल्डर केल्यावर काही कायम चालू राहतात, काही लागतच नाहीत. माझं काय चुकतंय?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की गणपतीच्या देखाव्यासाठी आठ बटणांचा कंट्रोल करताय. झिरो पीसीबीवर, म्हणजे सगळीकडं सारखी भोकं असलेल्या तयार बोर्डवर, ६ मिमीची चौकोनी बटणं लावली, त्यातली दोन कायम दाबल्यासारखी राहतात, एक कधी लागतं कधी नाही. मित्र म्हणतात, तुझा हात थरथरतो म्हणून असं होतं.

हाताचा दोष नाही. मी खानापूरची. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगला होते, आता घरी शाळेच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. थरथरत्या हातानं लावलेली बटणं वर्षानुवर्षं चाललेली मी बघितलीत. बटण खराब होतं ते त्याच्या पायावर बिट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक, किती वेळ टेकलं यावर, आणि त्याच्या पोटात काय शिरलं यावर.

आधी ती कायम चालू असलेली दोन बघा. ती बहुतेक जळलेली नाहीतच, आडवी बसलीत. या बटणाला पाय चार असले तरी संपर्क दोनच असतात. समोरासमोरचे, म्हणजे ६.५ मिमी अंतरावरचे दोन पाय आतून एकच पत्रा असतो. एकाच बाजूचे शेजारी पाय, ४.५ मिमी अंतरावरचे, ते बटण दाबल्यावर जुळतात. बटण पाव फेरी फिरलं की तुमच्या दोन्ही वायरी एकाच पत्र्यावर येतात, मग दाबा नाहीतर सोडा, सर्किट चालूच. मी पोरांना सांगते, वायरी नेहमी तिरप्या समोरच्या दोन पायांना जोडा. मग बटण कसंही फिरलं तरी चुकत नाही. मल्टिमीटर बीपवर लावा, बटण न दाबता तिरपे पाय तपासा. बीप आला तरच ते बटण खरोखर बिघडलंय.

आता उष्णतेकडं येऊ. पाय प्लास्टिकच्या तळात घट्ट बसवलेले असतात आणि वर एक छोटी पोलादी घुमटी असते, टक् आवाज तिचाच. पाय फार वेळ तापला की तळाचं प्लास्टिक मऊ होतं, पाय किंचित कलतो आणि घुमटीखालचा संपर्क जागा सोडतो. झिरो पीसीबीवर हे जास्त होतं, कारण त्याची भोकं २.५४ मिमीवर असतात आणि बटणाचे पाय त्या मापात नेमके बसत नाहीत. आपण ते ताणून घुसवतो. ताणलेला पाय तापला की तो मोकळा व्हायला बघतो आणि सोबत प्लास्टिक ओढतो. म्हणून सोल्डर करण्याआधीच चिमट्यानं पाय सरळ करून, भोकांच्या मापाला वाकवून घ्या. बटण अंगठ्यानं न दाबता सपाट बसलं पाहिजे.

पुष्कळजण बटण जळू नये म्हणून मुद्दाम कमी तापलेलं आयर्न वापरतात, आणि बटण जास्त खराब होतं ते त्यामुळंच. साधं ६०/४० शिसं, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिशाची सोल्डरची तार, १९० अंशाच्या आतच वितळतं, पण बिट मळकं किंवा थंड असलं तर ते वितळेपर्यंत दहा-बारा सेकंद जातात. तेवढ्यात उष्णता पायातून वर जाऊन प्लास्टिकला पोचते. चांगलं तापलेलं, स्वच्छ बिट दोन सेकंदांत काम करून बाजूला होतं. तापमान बदलता येणारं आयर्न असेल तर ३२० ते ३५० अंशांवर ठेवा आणि एका पायावर तीन सेकंदांच्या वर थांबू नका.

साधं २५ वॉटचं असेल तर घरचं व्होल्टेजही बघा. आमच्याकडं संध्याकाळी एकदा मीटर लावला तर १८० दाखवत होतं. व्होल्टेज उतरलं की शक्ती वर्गाच्या हिशेबानं उतरते. २३० ला २५ वॉट देणारं आयर्न १८० ला जेमतेम १५ वॉट देतं. पोरं रात्री बसून डाग देतात, डाग दाणेदार गोळ्यासारखा येतो आणि दोष शिशाला देतात. दिवसा करा.

बिटाला कल्हई पाहिजे. भांड्याला कल्हई करताना कथील चकचकीत पसरायचं, तसं बिटाचं टोक शिशानं चमकायला हवं. काळं पडलं की ओल्या स्पंजवर पुसा, लगेच थोडं शिसं लावा. एक मात्र ध्यानात ठेवा: कल्हईचा नवसागर इथं चालत नाही, तो तांबं खातो. सोल्डरच्या तारेच्या पोटात रोझिन, म्हणजे पाइनच्या चिकापासून काढलेली राळ, असतेच. या बटणांना वरून पेस्ट लावूच नका.

कारण ते तिसरं बटण, कधी लागणारं कधी न लागणारं, माझ्या अंदाजानं राळेनंच बिघडलंय. पातळ झालेली राळ पायाकडेनं वर चढते, आत जाऊन वाळते, आणि वाळलेली राळ वीज जाऊ देत नाही. मी स्वतः हे केलंय. शाळेच्या प्रश्नमंजूषेसाठी बझर केला होता. बोर्ड सुंदर दिसावा म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल वरून ओतून ब्रशनं घासला. राळ विरघळली आणि सगळी बटणांत गेली. रात्री आठही चालत होती, सकाळी पोरं येऊन बसली तेव्हा तीन मुकी. त्या पोरांचे चेहरे अजून डोळ्यांपुढं येतात. तेव्हापासून बोर्ड धुवायचा असला तर बटणं सगळ्यात शेवटी लावते, आणि त्यांच्याखालची बाजू कापसाच्या ओल्या काडीनं नुसती पुसते, बोर्ड पालथा धरून. सरकत्या स्विचला याहून जपावं लागतं, त्याचं अंग खालून उघडंच असतं.

पावसाचं म्हणाल, तर कणकुंबीकडनं पाऊस लागला की आमच्याकडं पिशवीतल्या बटणांचे पाय महिन्याभरात काळवंडतात. काळ्या पायाला शिसं धरत नाही, मग आपण बिट दाबून धरतो. लावण्याआधी खोडरबरानं पाय चोळून घ्या.

डाग देताना एक पाय घ्या, नंतर त्याच्या तिरप्या समोरचा. मग पुढच्या बटणाकडं जा, उरलेले दोन पाय परतीच्या फेरीत. शिसं ०.७ मिमीच्या आसपासचं बारीक घ्या. बिट पायाला आणि भोकाभोवतीच्या तांब्याच्या गोलाला एकदमच टेकवा, शिसं समोरच्या बाजूनं द्या. डाग पायाकडं चढत गेलेला, अंगानं किंचित खोलगट दिसला की झाला. गोळा झाला असेल तर शिसं जास्त पडलंय.

सगळं नीट असून एका दाबात देखावा दोनदा हलला तर ते सोल्डरिंगचं नाही. घुमटी टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, ते कंट्रोलरला दोन दाब वाटतात. प्रोग्रॅममध्ये २० मिलिसेकंद थांबा द्या.

खराब बटण काढताना चारही पाय एकदम तापवून उपटू नका, तांब्याचे गोल सुटून येतात. बटण दोन-तीन रुपयांचं, बोर्डवर तुमचे चार दिवस गेलेत. कटरनं वरूनच पाय कापून बटण वेगळं करा, मग उरलेला एकेक तुकडा चिमट्यात धरून, खालून बिट लावून ओढून घ्या. भोकातलं शिसं सक्शन पंपानं काढा, नवं बटण बसवण्याआधी मीटर लावून तपासा. निघालेल्या शिशाचे कण टेबलावर राहतात, ते पुसा आणि हात साबणानं धुऊनच जेवायला बसा.