खेळाचं विचारा : सगळे यांकीजकडेच का?

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला चार महिने राहून आलो. नातवाबरोबर बेसबॉल बघायची सवय लागली. तो म्हणतो, चांगल्या खेळाडूला शेवटी न्यूयॉर्कच्या यांकीज किंवा लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडेच जायचं असतं, कारण तिथे परंपरा आहे. मला तर तिथे नुसता पैसा दिसतो. कोण बरोबर?
– एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, खेळाडूंना आपल्या मर्जीने जायची मुभाच मुळात उशिरा मिळाली. १९७५ पर्यंत करारातल्या एका कलमामुळे खेळाडू संघाच्या दावणीला बांधलेला असे. जुन्या काळचा सर्वांत गाजलेला फलंदाज बेब रूथ १९२० मध्ये न्यूयॉर्कला यांकीजकडे आला तो हौसेने नव्हे, बॉस्टनने विकला म्हणून. आजही मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं काढल्यावरच मोकळं होता येतं. तोवर तिशी आलेली असते आणि खांदा किती टिकेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी पैसा बघणारच. त्यात बेसबॉलमध्ये पगाराला कमाल मर्यादा नाही. जास्त खर्च केला तर संघाला कर पडतो, आणि श्रीमंत संघ तो खुशाल भरतात.

पण मी स्वतः सॉफ्टबॉलमध्ये कॅचर (यष्टिरक्षकासारखी) होते. (ग्लोव्ह अडकवून टिळक रोडने सायकलवर निघाले की लोक विचारायचे, बॉक्सिंग का?) आमची पिचर (चेंडू टाकणारी) भारी होती, पण शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक) हातातला चेंडू सोडायची. दोन वर्षं पहिल्याच फेरीत घरी. मग जिंकणाऱ्या कॉलेजकडून विचारणा आली, तेव्हा मी आईला सांगायलाही थांबले नाही. भत्ता तिथेही वडापाव आणि चहाच होता.

पिचर ग्रेग मॅडक्सने १९९२ मध्ये हेच केलं. यांकीज जास्त पैसे देत होते, परंपरा तर होतीच. पण तेव्हा ते जिंकत नव्हते. तो कमी पैशांत अटलांटाला गेला आणि १९९५ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकला. जपानी खेळाडू ओतानी एंजल्स संघाकडे सहा मोसम खेळला, प्लेऑफ (बाद फेरी) एकदाही नाही. २०२३ च्या डिसेंबरात डॉजर्सशी ७० कोटी डॉलरचा करार केला, तर त्यातले ६८ कोटी मागाहून घ्यायचं ठरवलं, संघाला बाकीचे खेळाडू घेता यावेत म्हणून. पहिल्याच वर्षी विजेतेपद! माझ्या मते खरी ओढ जिंकण्याची आहे. पैसेवाला संघ दरवर्षी ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे प्लेऑफपर्यंत, टिकण्याची शक्यता जास्त, एवढाच पैशाचा आणि तिचा संबंध.

नातवाला अगदीच हिरमुसलं करू नका. पिचर गेरिट कोल अकरा वर्षांचा असताना २००१ च्या वर्ल्ड सिरीजला यांकीजचा फलक घेऊन गेला होता. २०१९ मध्ये यांकीजशी करार झाला तेव्हा पत्रकार परिषदेत त्याने तोच जुना फलक काढून दाखवला. अर्थात, ३२ कोटी ४० लाख डॉलरही घेतले.

आणि नातू फारच परंपरा सांगू लागला तर फलंदाज हुआन सोटोचं नाव काढा. यांकीजकडे एक मोसम खेळला, वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला, आणि २०२४ च्या डिसेंबरात ७६ कोटी ५० लाख डॉलरवर त्याच शहरातल्या मेट्सकडे गेला.