हैदराबादचं झू पोरांना दाखवायला एक दिवस पुरेल का? आणि आपल्याकडे ताडोबा असताना पिंजऱ्यातले प्राणी पाहायला जावंच काहून?

एक दिवस पुरतो. सकाळी गेट उघडलं की आत शिरा, ३८० एकर आहे, पोट्टे पायी थकतात, बॅटरीची गाडी घ्या. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आहे ना, तो वाचून मी हे लिहून राहिलो, कारण हेच वाक्य माझा साळा मला सहा वर्षांपासून ऐकवतो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातला. आमच्याकडे वाघाचं कौतुक नाही, बाया मोह वेचायला गटाने जातात, रात्री शेतात जागलीला जायचं तर दोघं-तिघं मिळून जातो. म्हणून साळा म्हणे, "भाऊजी, वाघ तुमच्या बांधावर येते, त्याले पाहाले हैदराबादले कायले जाता? तो जेल आहे जनावरांचा." मी वाघासाठी गेलोच नव्हतो. लेकीला चारमिनार पाहायचा होता, तिथे गेल्यावर ती म्हणाली झू पण पाहू, म्हणून गेलो. पांढरा वाघ झाला, हत्ती झाला, पाणघोडा झाला, अन फिरता फिरता गिधाडांपुढे आलो आणि माझे पायच तिथून हालेनात.

लेक अकरा वर्षांची होती, तिने गिधाड कधी पाहिलंच नव्हतं. मी तिच्या वयाचा होतो तेव्हा गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळात आधी एक ठिपका, मग पाच, मग पन्नास, आणि दुपारपर्यंत नुसती हाडं. वासही सुटायचा नाही. आता तिथे कुत्र्यांच्या टोळ्या असतात, संध्याकाळी त्या रस्त्याने सायकल नेता येत नाही.

लेकीने विचारलं, बाबा, मग आपल्या गावचे गेले कुठे? आणि मला तिला खरं सांगावं लागलं. १९९९ ते २००५ मी एका खाजगी ढोरांच्या डॉक्टरसोबत फिरायचो, आधी बॅग धरायला, मग सुई मीच टोचायचो. बैल लंगडला, गाईला ताप आला, कास सुजली, की डायक्लोफेनॅक. दुखणं-सूज उतरवणारं स्वस्त औषध, आणि गुण असा की सकाळी आडवा पडलेला बैल संध्याकाळी उभा, शेतकरी खुश, आम्हाला वरून चहा. म्हातारं ढोर मरणारच आहे हे माहीत असलं तरी त्याला बरं वाटावं म्हणून टोचायचो. ते दोन दिवसांनी मरायचं, लोक नेऊन टाकायचे, गिधाडं खायची, आणि त्या एवढ्याशा औषधाने त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. अर्जुनाच्या झाडावर माना खाली टाकून बसलेली गिधाडं मी स्वतः पाहिली आहेत. आम्हाला वाटायचं काही रोग आला. २००४ ला संशोधन छापून आलं, २००६ ला सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, तोपर्यंत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांच्या वर संपली होती. शंभर मेलेल्या ढोरांत एकापेक्षाही कमी प्रमाणात हे औषध असलं, तरी या पक्ष्याची जात संपायला तेवढं पुरतं, कारण मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि तेही पाच-सहा वर्षांची झाल्यावर.

त्या दिवशी आम्ही तिथे पाऊण तास होतो. बाकीचे लोक एक फोटो काढून पुढे जायचे.

म्हणून जेल-जेल म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हैदराबादच्या झूला गिधाडांची पैदास करायचं काम दिलेलं आहे. पिसोरी हरणाचंही त्यांनी केलं, तिथल्याच संशोधन संस्थेसोबत पिंजऱ्यात पिढ्या वाढवल्या आणि २०१७ मध्ये तेलंगणातल्याच अमराबादच्या जंगलात सोडली. आणि साळ्यासाठी मुद्दाम लिहितो: २०२४ च्या जानेवारीत ज्या ताडोबाचं तो नाव घेतो तिथेच, बोटेझरीला, १० गिधाडं आणली, १० पेंचला नेली. ती आली कुठून? हरियाणातल्या पिंजोरच्या पैदास केंद्रातून. म्हणजे तुमच्या मोकळ्या जंगलात गिधाड परत आणायला पिंजराच कामी आला. जिप्सीचे हजारो रुपये भरून वाघ नाही दिसला म्हणून गाईडवर चिडणाऱ्यांनी तरी मला जंगल शिकवू नये.

आता सगळेच झू असे असतात असं मी म्हणत नाही. सिमेंटच्या खोलीत येरझाऱ्या घालणारं अस्वलही मी दुसऱ्या एका शहरात पाहिलं आहे, तिथे मी लेकीला परत नेणार नाही. आणि नुसती पैदास करून भागत नाही, बाहेरचं ढोर विषारी राहिलं तर सोडलेला पक्षी पुन्हा मरेल. बंदीनंतरही माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ ला ती बाटली ३ मिलीवर आणावी लागली. तुमच्याकडे ढोरं असतील तर डॉक्टरला सरळ विचारा, काय टोचून राहिले? मेलॉक्सिकॅम मागा, त्याने गिधाड मरत नाही, बैलालाही तेवढाच आराम पडतो.

साळ्याला म्हटलं आहे, यावेळी सोबत चल, तिकीट माझ्याकडून. अजून हो म्हणाला नाही.

तुम्ही गेलात तर वाघाकडे पळायच्या आधी गिधाडं कोणत्या बाजूला आहेत ते विचारून घ्या. आणि सोमवारी जाऊ नका, बंद असते.