वाचक विचारतात: आईवरचं रॅप गुळमुळीत का होतं?

प्रश्न : आईवर रॅप लिहिलं. मित्र म्हणतात, मदर्स डेच्या शुभेच्छापत्रासारखं वाटतं. काय चुकलं? (एक वाचक, इचलकरंजी)

तुमच्या सोळा ओळींत देवी, माऊली, सावली, त्याग हे शब्द आठ वेळा आलेत. ते कुठल्याही आईला लागू पडतात, म्हणून ऐकणाऱ्याला तुमची आई दिसत नाही. त्या ओळींमधली क्रियापदं मोजा. आई स्वतः काही करते अशी फक्त दोन सापडली. बाकी सगळीकडे तुम्हीच तिचे पाय धरताय, तिच्यासाठी रडताय.

अमेरिकन रॅपर टुपॅक शकूरचं १९९५चं ‘डिअर मामा’ लक्ष देऊन ऐका. आईचं व्यसन, घरातली तंगी, पोराचे पोलिसांशी खटके, काहीच त्यानं लपवलेलं नाही. आदर त्या खरेपणातून येतो. (याच टुपॅकच्या इतर गाण्यांत बायकांसाठी घाणेरडे शब्द आहेत आणि १९९४ साली लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात तो दोषीही ठरला. एका चांगल्या गाण्यानं बाकीचं धुऊन निघत नाही, हे ऐकताना ध्यानात असू द्या.)

आता कारागिरी. आधी गाणं बाजूला ठेवून आईच्या दिवसाची यादी करा: किती वाजता उठते, हातात कुठलं अवजार असतं, कुणाशी भांडते, कशावर हसते. वीस नोंदी काढा, त्यातल्या पाच ठेवा. बीट ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) असेल तर सोळा बार (चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे साधारण एक ओळ) साधारण ४३ सेकंदांत संपतात. एका बारमध्ये दहा ते चौदा अक्षरं उच्चारात बसतात. त्याहून जास्त कोंबली की श्वास तुटतो आणि नेमका महत्त्वाचा शब्द गिळला जातो. स्नेअर (ड्रमचा कडक ‘टक’ आवाज) बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. यमक चौथ्यावर आणा.

मराठीत एक खड्डा हमखास लागतो. वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे ‘आहे-राहे’, ‘केलं-नेलं’ अशी फुकटची यमकं जुळतात आणि तिसऱ्या ओळीपासून कंटाळा येतो. वाक्य उलटं करा, नाम किंवा विशेषण शेवटी टाका. मासळी विकणाऱ्या आईसाठी असं काही:

चारच्या लिलावात तिची पहिली बोली,
बर्फानं हात बधिर, पाटी अजून ओली.

दोन्ही ओळी उच्चारात बारा-बारा अक्षरांच्या आहेत. देवी कुठेच नाही, तरी बाई समोर उभी राहते.

प्रश्न : आमच्या रॅप बॅटलमध्ये (दोन रॅपरांच्या समोरासमोरच्या सामन्यात) प्रत्येक जण दुसऱ्याच्या आईबहिणीवर घसरतो. हे थांबवायचं कसं? (एक वाचक, पुणे)

बीट सुरू होण्याआधी नियम माइकवरून सांगा: आईबहिणीवर घसरलात तर पहिल्यांदा बीट बंद, दुसऱ्यांदा फेरी गेली. हल्ला करायला समोरच्याचा फ्लो (शब्द तालावर बसवायची लय), उसनी यमकं, पाठ करून आणलेल्या ओळी भरपूर असतात. आईवरची शिवी ऐनवेळी सुचते कारण ती तयारच असते. खरं तर तिथे रॅपरचं काही सुचणं संपलेलं असतं. परीक्षकांत किमान एक मुलगी रॅपर असू द्या.

प्रश्न : नवऱ्याचा मार खाणाऱ्या ओळखीच्या बाईवर गाणं करायचंय. (एक वाचक, नाशिक)

आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर तिची गोष्ट घेऊ नका. हो म्हणाली तरी गाव, तिचं काम, मुलांची संख्या बदला, कारण ते गाणं नवऱ्यापर्यंत पोहोचलं तर मार तिलाच बसणार. रेकॉर्डिंगपूर्वी शब्द तिला वाचून दाखवा.

जखमांचं वर्णन लांबवू नका, आणि हुकमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या धृपदात) स्वतःला वाचवणारा हिरो करू नका. अमेरिकन रॅपर क्वीन लतीफाच्या १९९३च्या ‘युनिटी’त एक कडवं घरातल्या मारहाणीवर आहे. तिथे बोलणारी बाई स्वतःच निर्णय घेते आणि त्या माणसाला सोडून निघते. तुमच्या दुसऱ्या कडव्यातही निर्णय तिचाच असू द्या. व्हिडिओखालच्या मजकुरात पहिल्याच ओळीत महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन्ही क्रमांक लिहा.