डोंगराआडून न उगवणारा सूर्य

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं चित्र तो काढतोय. डोंगराआडून उगवणारा लालभडक सूर्य, हिरवं जंगल, वर दोन चंद्र. यातलं बरोबर किती, असं विचारतो. ग्रहाचा खरा फोटो कुठे मिळेल?

उत्तर : कुठेच नाही. त्या ग्रहाचा फोटो अजून कुणी काढलेला नाही. जी देखणी चित्रं दिसतात ती तुमच्या मुलासारख्याच, फक्त पगारी, चित्रकारांची. २०१६ साली ग्रह सापडला तोही न दिसता. त्याच्या ओढीने तारा किंचित डुलतो. ते डुलणं ताऱ्याच्या प्रकाशात पकडलं गेलं. त्यातून कळलं ते एवढंच, की ग्रहाचं वस्तुमान निदान पृथ्वीएवढं आहे आणि त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं आहे. तुमचा अकरा वर्षांचा मुलगा तिथे ३६० वर्षांचा आजोबा!

पण या ११.२ दिवसांत निम्मं चित्र दडलंय. एवढं छोटं वर्ष म्हणजे ग्रह ताऱ्याला खेटून फिरतोय, सूर्य-पृथ्वी अंतराच्या जेमतेम विसाव्या भागावर. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे राहते, आपल्या चंद्राची आपल्याकडे असते तशी. मग सूर्य उगवणार कुठून? तो डोंगरावर खिळा ठोकल्यासारखा तिथेच. डोंगराच्या सावलीतला दगड जन्मभर सावलीत. बाकी सगळं मी विसरेन, पण ही न हलणारी सावली काही केल्या डोक्यातून जात नाही.

सूर्य मोठा काढू दे, आपल्याला दिसतो त्याच्या तिप्पट रुंद. लालभडक मात्र नको. अशा ताऱ्यांना ‘तांबडा बटू’ म्हणतात खरं, पण तापमान साधारण ३००० केल्विन, म्हणजे जुन्या तारेच्या बल्बच्या आसपास. खोलीत फक्त तो बल्ब लावून वहीचा कागद बघायला सांगा. तोच रंग. त्या उजेडात निळा अगदी थोडा, म्हणून आकाशही आपल्यासारखं निळं रंगवू नये.

जंगल असू दे, पण हिरवं कशाला? उजेड तुटपुंजा, तेव्हा पानं मिळेल तो सगळा शोषून काळपट होतील, असा एक तर्क आहे. हा तारा अधूनमधून भयंकर भडकतो. त्या माऱ्यात हवाच उरली नसेल तर जंगल गेलं. तरी ते खोडायला लावू नका.

चंद्र खोडा. दोन्ही. ताऱ्याच्या एवढ्या जवळ चंद्र टिकणं अवघड. (त्याच्या वयात मी प्रत्येक ग्रहाला शनीची कडी काढायचो, कारण ती सोपी.)

आता कागद उलटा करून मागची बाजू काळी करू द्या : ती कायमची रात्र. तिथे दोन ठळक चांदण्या हव्यात, शुक्राहून तेजस्वी. तो आपल्या आकाशातला ‘मित्र’ नावाचा तारा (अल्फा सेंटॉरी). मुळात ती जोडी आहे आणि प्रॉक्झिमा तिचाच लांबचा सोबती. बाकीची नक्षत्रं जवळपास आपलीच, कारण ४.२४ प्रकाशवर्षं म्हणजे शेजारच. फक्त शर्मिष्ठा नक्षत्राच्या ‘एम’ आकाराला शेवटी एक जादा ठिपका द्यायला सांगा, पिवळसर. तो आपला सूर्य.