‘-मायसिन’वरून कूळ ओळखता येतं का?

प्रश्न असा आहे: ‘एरिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, व्हँकोमायसिन... सगळ्यांच्या शेवटी “मायसिन”. मग ही प्रतिजैविकं एकाच कुळातली का? आणि हा शब्द आला कुठून?’

एका कुळातली नाहीत. आपल्याकडे ‘-कर’ लागलेल्या आडनावावरून मूळ गाव कळतं, धंदा कळत नाही, तसंच हे.

मुळात बुरशीसाठीचा ग्रीक शब्द आहे. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जीवाणू राहतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो, त्यात यांचा मोठा वाटा. त्यांचे तंतू बुरशीसारखे दिसतात, म्हणून नावात बुरशी शिरली. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात त्यांच्यापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, क्षयावर ते गाजलं, आणि पुढे अशा कितीतरी औषधांना हेच शेपूट लागत गेलं.

कामं मात्र वेगवेगळी. जीवाणूच्या पेशीत प्रथिनं घडवणारे रायबोसोम असतात. स्ट्रेप्टोमायसिन तिथे जाऊन बसतं, की त्यांच्या वाचनात चुका होतात आणि भलतीच प्रथिनं तयार होतात. एरिथ्रोमायसिनही तिथेच जातं, पण ते प्रथिनाची साखळी बाहेर पडण्याची वाट अडवतं. व्हँकोमायसिन रायबोसोमकडे फिरकतच नाही. जीवाणूभोवतीची भिंत ज्या मालातून बांधली जाते, तो मालच ते धरून ठेवतं.

आणि आपल्या पिंपरीचं हॅमायसिन तर जीवाणूंवर चालतच नाही, ते बुरशीवरचं औषध. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीची इंग्रजी आद्याक्षरं ‘एच’ आणि ‘ए’ घेऊन ते नाव झालं. ते ज्याच्यापासून मिळालं, त्या जीवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! शास्त्रीय नावात पिंपरी गेली, याचा मला फार आनंद वाटतो.

जेंटामायसिनची गंमत देवनागरीत दिसत नाही. ते स्ट्रेप्टोमायसिसपासून नव्हे, मायक्रोमोनोस्पोरा या दुसऱ्या जीवाणूपासून मिळतं. म्हणून इंग्रजीत त्याच्या शेपटात ‘वाय’ऐवजी ‘आय’ लिहितात. आपण दोन्हीकडे ‘मा-य-सि-न’च लिहितो, त्यामुळे हा फरक पुसला जातो.

‘-सिलिन’ मात्र भरवशाचं. पेनिसिलिनच्या बुरशीचं नाव कुंचल्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे तुरे कुंचल्यासारखेच दिसतात. अँपिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन ही त्याच घरातली, आणि सगळी जीवाणूची भिंत नीट सांधू देत नाहीत. आपल्या पेशींना तशी भिंत नसते, म्हणून त्या वाचतात. विषाणूलाही ती नसते, म्हणून साध्या सर्दीवर या गोळ्यांचा उपयोग नाही.

माझ्या आईला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे. तिच्या फाइलवर मी लाल शाईनं लिहून ठेवलंय: ‘शेवटी “-सिलिन” असलेलं कुठलंही औषध नको.’ तिथे ‘-मायसिन’ लिहून काहीच कळलं नसतं.