रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही

अरे,

तुझा मेसेज रात्री दोन चाळीसला आलेला, मी सकाळी चहा घेताना वाचला. सात आठवडे झाले, सलग दोन तास झोप नाही, काल ऑफिसात भलत्याच ऑर्डरवर ओके देऊन बसलास, आई म्हणते कामावर जाणाऱ्याने रात्री झोपावं, बायको म्हणते तू असतोस कुठे, आणि यूट्यूबवरची बाई म्हणते रडू द्या, आपोआप शिकेल. नक्की कोणाचं ऐकू, असं विचारलंयस. यातल्या कोणाचंच नको. माझं ऐक. तेही सगळं ऐकलंच पाहिजे असं नाही, पण वाच.

लेकरू किती गोड, हे दिवस परत येत नाहीत वगैरे मी लिहिणार नाही, ते तुला बारशाला आलेल्या प्रत्येकाने सांगून झालंय. पोरीवर तुझा जीव आहे हेही मला माहितेय, नसता तर दोन चाळीसला ढाराढूर घोरत पडला असतास. इथे प्रश्न मायेचा नाहीच आहे रे, ड्युटी चार्टचा आहे.

माझ्या हाताखाली सहा महिने ट्रेनी होतास तू. पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. ते तू पाळलंस, पुढच्या शिफ्टचा माणूस येईपर्यंत हललास नाहीस. पण त्याचा दुसरा अर्धा भाग तू विसरलास, रिलिव्हर आला की मशीनजवळ रेंगाळायचं पण नाही. चार्ज दिला, विषय संपला, घरी जाऊन झोप. तुम्ही दोघं काय करताय? पोरगी कुरकुरली की दोघंही उठता, ट्यूबलाइट लावता, ती पाजत बसते आणि तू समोर चोरासारखं तोंड करून बसतोस, मध्ये मध्ये मोबाइल बघतोस. याला तू साथ देणं म्हणतोस. मी याला एका शिफ्टला दोन माणसं आणि दुसऱ्या शिफ्टला शून्य असं म्हणतो.

रात्र ही शिफ्ट आहे. शिफ्ट वाटून घ्यायची. बाकी सगळं नंतर.

आता जरा कामाचं. सात आठवड्यांचं बाळ रात्री उठणारच, तिच्यात काही बिघाड नाहीये. सुरुवातीला तान्ही पोरं चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितात, त्यातलं निम्मं रात्रीच येणार, पोट केवढं असतं त्यांचं. दिवस कुठला रात्र कुठली हे शरीराला कळायला दोन-चार महिने जातात. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं सगळ्यात जास्त असतं, म्हणजे तुम्ही घाटमाथ्यावर आहात, उतार सुरू व्हायला आलाय. त्या यूट्यूबवाल्या बाईचं रडू देण्याचं शास्त्र या वयाला लागूच नाही, तिचा चॅनल आधी बंद कर. आणि "रात्रीचं पाजणं तोडूनच टाकू" हे जे लिहिलंयस ते तर अजिबात नको, दूध तयार करणारं जे हार्मोन आहे ते रात्रीच जास्त असतं, रात्रीचं तोडलं की दिवसाचं पण आटायला लागतं.

मग करायचं काय, तर पोरीची नाही, आधी बायकोची झोप सांभाळायची. गाढ झोप जी असते ती बहुतेक झोपेच्या पहिल्या काही तासांतच होऊन जाते. म्हणून सलग चार तास मिळाले तर माणूस माणसात येतो, आणि सहा तास सहा तुकड्यांत मिळाले तर माणूस नुसता भिंतीला धरून चालतो. आमच्या थर्ड शिफ्टवाल्यांना हे कोणी शिकवावं लागायचं नाही.

चार्ट असा लाव. नऊला तिने पोटभर पाजायचं आणि आतल्या खोलीत जाऊन झोपायचं, दार लोटून. नऊ ते एक तुझी ड्युटी. एकला चार्ज द्यायचा, मग तू सहापर्यंत झोप, तेव्हा छत कोसळलं तरी उठायचं नाही. मधलं एक पाजणं येईल अकरा-साडेअकराला. पाजणं नीट बसलंय ना, वजन वाढतंय ना, तर तिने संध्याकाळी काढून ठेवलेलं दूध तू वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे त्या चोचीच्या वाटीने, पाज, सावकाश, मान जरा उंच धरून. काढलेलं दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त नको, उन्हाळ्यात तर सरळ फ्रिजमध्ये, आणि कोमट करायचं ते गरम पाण्यात वाटी ठेवून, मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही. उरलं तर टाकून दे, जीव तुटेल तरी टाक. आणि काढायला जमत नसेल, खूप जणींना नाही जमत, तर पोरीला नेऊन तिच्या कुशीत दे, ती आडवी पडूनच पाजेल, तू शेजारी जागा बैस आणि झालं की उचलून बाहेर आण. ढेकर, लंगोट, खांद्यावर फेऱ्या, सगळं तुझं. तिने पाय खाली टेकवायचा नाही. चारच्या वर मात्र ताणू नका, छाती दगड होते, वर ताप येतो.

लाइट लावायची नाही, झिरोचा बल्ब पुरे. रात्री तिच्याशी गप्पा नाहीत, खुळखुळा नाही. आणि जरा हू की चू झालं की झडप घालून उचलू नकोस, तान्ह्या पोरांची अर्धी झोप कण्हण्या-कुंथण्यातच असते, डोळे मिटून हात-पाय झाडतात, मिनिटभर थांब, निम्म्या वेळा परत गप्प होतील. आपणच उचलून उठवतो त्यांना. मी कितीदा उठवलंय.

एक गोष्ट सेफ्टीची, यात मी ऐकून घेणार नाही. सोफ्यावर तिला छातीवर घेऊन डोळा लागू द्यायचा नाही. झोप यायला लागली तर उठून उभा राहा, तोंडावर पाणी मार, नाहीच जमलं तर तिला पाळण्यात ठेव, रडली तर रडली दोन मिनिटं. पाठीवर झोपवायचं, सपाट गादीवर, आणि डोकं गोल व्हावं म्हणून आजीने पाठवलेली मोहरीची उशी कपाटात ठेव.

आता मी तुला एवढं शहाणपण कशाला शिकवतोय ते सांगतो.

१९९१ ला थोरली झाली. तुझी काकू कराडला माहेरी होती, सव्वा महिना झाल्यावर आकुर्डीला आली, आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. मी पॉवर प्रेसवर, पहिली शिफ्ट सातची. पोरगी रात्रभर रडायची. चार रात्री काढल्या आणि पाचव्या रात्री मी उशी उचलली आणि मागच्या गल्लीत मित्राची बॅचलर खोली होती तिथे झोपायला गेलो. आठवड्यासाठी म्हणून गेलो, दोन महिने जात राहिलो. संध्याकाळी जेवायचं, पोरीला दहा मिनिटं खेळवायचं, आणि उशी घेऊन बाहेर.

तू म्हणशील वाईट केलं. थांब. प्रेसवर झोप म्हणजे चेष्टा नाही, आमच्या शॉपमध्ये एकाची दोन बोटं गेली होती त्याच वर्षी, डोळा लागला म्हणून. माझा हात गेला असता तर घर कोणी चालवलं असतं? हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, त्यात खोटं काही नाही. काकूची पण कधी तक्रार नव्हती. म्हणजे मी विचारलं नव्हतं.

एका सकाळी तिने गॅसवर दूध ठेवलं आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपली. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस चालूच. शेजारच्या मावशींना वास आला, त्यांनी दार वाजवून वाजवून उठवलं. काही झालं नाही. मी संध्याकाळी आलो, मला मावशींनीच सांगितलं, आणि मी काय केलं असेल? ओरडलो तिच्यावर. लक्ष कुठे असतं, पोरगी घरात आहे, वगैरे, चांगला शेजारच्यांना ऐकू जाईल असा. ती काहीच बोलली नाही, दूध सगळं गेलं होतं ना, म्हणाली, कोरा चहा चालेल का?

फॅक्टरी अॅक्ट १९४८ चा, त्यात लिहिलं होतं की सलग पाच तासांच्या वर काम घ्यायचं नाही, अर्धा तास विश्रांती द्यायची. हे कलम आम्ही युनियनच्या बोर्डावर लावलं होतं, मी स्वतः खिळा ठोकला होता. त्याच महिन्यात.

शाळेत असल्यापासून हिरकणीची गोष्ट ऐकलीय आपण, गडाचे दरवाजे बंद झाले आणि बाई पोराच्या भुकेपायी अंधारात कडा उतरली. आता एसटी स्टँडवर पाजायला खोली असते तिलाही हिरकणी कक्ष म्हणतात. मला इतक्या वर्षांत एकदाही प्रश्न पडला नाही की त्या रात्री त्या पोराजवळ दुसरं कोणी बसायला नव्हतं का. आपल्याला बाईने कडा उतरलेला आवडतो.

धाकटा झाला १९९६ च्या जानेवारीत, तेव्हा मी चार्ट लावला. नऊ ते एक मी. माझी आई तेव्हा आमच्याकडे होती, ती सरळ म्हणाली की बायकोच्या ताटाखालचं मांजर झालाय, चाळीत पण दोघं-तिघं हसले, कंपनीत तर विचारूच नकोस. मी हटलो नाही. तेव्हापासून मी या बाबतीत कोणाचं ऐकत नाही, थोरलीच्या बाळंतपणात जावयाच्या फ्रिजवर चार्ट चिकटवला तर तिसऱ्या दिवशी तो गायब, लेक म्हणाली बाबा आता बास. बास तर बास. पण सकाळी जावयाचे डोळे बघितले होते मी.

म्हणून तुझ्या आईने काही म्हटलं तर वाद घालू नकोस, ऐकून घे आणि नऊला ड्युटीवर हजर हो. तिला काम दे, सकाळी सहा ते आठ पोरगी तिच्याकडे, मालीश-अंघोळ तिचीच, तिला तेच हवंय. फक्त एका ठिकाणी पाय रोवून उभा राहा. रात्री झोपावी म्हणून सहाणेवर जायफळाचे दोन वळसे जास्त द्यायचे, हे आमच्या घरी पण चालायचं, पोर झोपायचं, कबूल. पण मुंबईत गिरणीवाल्या बाया कामावर जाताना पोरांना अफूची बाळगोळी द्यायच्या, १९२० च्या सुमाराच्या सरकारी अहवालांत आहे ते, तेव्हा पण पोर झोपायचंच. रिलिव्हर नसला की माणूस पोराला झोपवायला बघतो, दुसरं काय करणार ती बाई, दिवसभर उभी. तुमच्या घरात तीन धडधाकट माणसं आहेत. सहा महिने आईचं दूध, मधाचं बोट नाही, गुटी नाही, पाणी पण नाही.

आणि तू जे शेवटी एका ओळीत लिहिलंस, की ती हल्ली पोरगी झोपली तरी झोपत नाही, भिंतीकडे बघत बसते, विनाकारण रडते, ते तू पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस गाढवा. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येतं सगळ्यांना, सातव्या आठवड्यात असं असेल तर ते झोपेवर ढकलू नकोस. तिच्या डॉक्टरीणबाईंना या आठवड्यात गाठ, सोबत तू जा, आईला नको पाठवू. तोवर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात. वेड लागलंय का वगैरे घरात कोणी म्हणालं तर त्याला मला फोन करायला सांग. आणि पोरीला किंवा स्वतःला काही करण्याचं बोलली तर चार्ट-बिर्ट सोड, त्याच घटकेला दवाखाना, तिला एकटं ठेवायचं नाही.

तू विचारशील ऑफिसचं काय. एक ते सहा, पाच तास सलग, वर रविवारी दुपारचे दोन. इतक्यात माणूस चालतो, मी चाललोय. साहेबाला सांग की दोन महिने मला सकाळी पहिल्या तासात कशावरही सही करायला लावू नका. लाज वाटते? सरकारी नोकरीत केंद्रवाल्यांना बापाची पंधरा दिवसांची रजा मिळते, ती कोणीतरी लाज सोडून मागितली म्हणूनच ना.

बोंडलं पाठवतोय चांदीचं, धाकट्याचं आहे, काकूने उकळून पुसून ठेवलंय, तरी तू प्रत्येक वेळी उकळ.

हे सगळं काकूला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, नऊ ते एक कुठे, साडेदहाला उगवायचास तू, वर्ल्डकप चालू होता, ईडनवरची सेमीफायनल अर्ध्यात बंद पडली त्या रात्री तेवढा जरा लवकर आला होतास. मी म्हटलं मला तर नऊच आठवतंय. ती म्हणाली तुला झोप मिळालेली ना, तुला आठवणारच.

असेल. तू नऊलाच घे.

काका